फोल्डर मिटताना

बिलाचं काळं फोल्डर टेबलावर आलं की गप्पा आपोआप थांबतात. मघापर्यंत भरभरून बोलणारी मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालतात. मी फोल्डर जरासं किलकिलं करतो, आकडा पाहतो, मिटतो. बिल भरणं सोपं, पंचाईत टिपेची. कमी ठेवली तर आपण चिक्कू, जास्त ठेवली तर 'आले मोठे शेठ!' वेटरला काय वाटेल, हा विचार रांगेत सगळ्यात मागे.

म्हणायला ती चांगल्या सेवेची पावती. पण या विषयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांना सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचं नातं अगदीच किरकोळ आढळलं. उलट वेटर टेबलाशी ताठ उभा न राहता खाली उकिडवा बसून बोलला तर टिप वाढते, हे त्यांच्याच १९९३ च्या अभ्यासात दिसलं. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष आला : वेट्रेसनं नुसतं 'बरं' म्हणण्याऐवजी ऑर्डर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत परत म्हटली की त्याचा हात सैल सुटतो. पैसे मोजायचे ते आपलेच शब्द ऐकायला!

आणि या लहरीवर कुणाची तरी मिळकत टांगलेली असते. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालकानं स्वतःच्या खिशातून तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं. किमान वेतनापर्यंतची बाकी भर टिपेनं घालायची, ती अपुरी पडली तरच मालकानं. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही.

मी तरी कुठे वेगळा आहे? एकदा जेवण यायला फार उशीर झाला. वेटर चारदा येऊन 'झालंच, साहेब' म्हणून गेला. चारही वेळा हसून. (नोकरीचा भाग म्हणून असं हसू सांभाळायला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' म्हटलं. मला तेव्हा ते हसू नुसतं डिवचत होतं.) पाचव्यांदा मी खेकसलो. जेवण झाल्यावर टिपेसाठी काढलेली नोट पुन्हा पाकिटात घातली आणि बरी अद्दल घडवली, अशा थाटात हात धुवायला उठलो.

बेसिनशेजारीच स्वयंपाकघराचं दार होतं, अर्धवट उघडं. आत तोच पोरगा मान खाली घालून आचाऱ्याच्या शिव्या खात होता. जेवणभर माझ्याच टेबलासाठी घाई लावल्याबद्दल.

ओल्या हातांनीच परत आलो, नोट फोल्डरात सरकवली. शेजारची नोटही. तो आला, फोल्डर उचललं, उघडून पाहिलं नाही.

"परत या, साहेब," म्हणाला. हसून. मघाचंच हसू.