डेबियन ११ वरून १२ वर जाताना भेटलेले दोन ‘टार’

आमच्या छोट्या संस्थेचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ८ व्या आवृत्तीवर सुरू झाला आणि एकदाही पुसून नव्याने न मांडता, एकेक आवृत्ती चढत ११ पर्यंत आला. त्यामुळे त्यावर ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ या प्रोग्राम ठेवायच्या डिरेक्टऱ्या अजून वेगळ्या होत्या. ही वाटणी लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या काळात, एका डिस्कवर जागा पुरेना म्हणून झाली होती. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने दोन्ही एकत्र करून ती २०१२ मध्येच मिटवली. डेबियनने २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मिटवली, पण जुन्या यंत्रांना २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपर्यंत मोकळीक दिली. माझ्या आळसाला ती मोकळीक चांगलीच मानवली होती.

अपग्रेडच्या मध्यावर हे एकत्रीकरण करणारे ‘यूएसआरमर्ज’ पॅकेज अडले. फाइल्सचा गठ्ठा बांधणारा ‘टार’ हा प्रोग्राम दोन्ही ठिकाणी असून दोन्ही फाइल्स भिन्न आहेत, असे त्याचे म्हणणे होते. शोध घेतल्यावर कळले, की पूर्वीच्या कोणी प्रशासकाने स्वतः कंपाइल केलेला टार ‘/यूएसआर/बिन’मध्ये ठेवला होता. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, ती डिरेक्टरी आधी येत असल्याने, नुसते ‘टार’ म्हणणाऱ्या स्क्रिप्ट त्याचा टार वापरत होत्या आणि ‘/बिन/टार’ असा पूर्ण पत्ता लिहिणाऱ्या डेबियनचा. हे इतकी वर्षे माझ्या गावीही नव्हते. एकत्रीकरण उलटवण्याची सोय नसल्यामुळे आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग तो टार त्याच्या योग्य जागी, म्हणजे ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये हलवला आणि अपग्रेड पुढे नेले. ‘/बिन’ आता केवळ सिमलिंक, म्हणजे ‘/यूएसआर/बिन’कडे नेणारा दुवा आहे, त्यामुळे ‘/बिन/एसएच’ने सुरू होणारी एकही जुनी स्क्रिप्ट बिघडली नाही. साफसफाई अशी असावी.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या, २ ऱ्या आवृत्तीच्या बाबतीत असा दुवा ठेवणे शक्य नव्हते. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीतून पायथन २ वगळला असला, तरी आधीचे पॅकेज यंत्रावर सुरक्षा-अद्यतनांविना पडून राहते आणि स्क्रिप्ट मुकाट चालत राहतात, हे मला अधिक धोक्याचे वाटले. म्हणून ते काढून तीन स्क्रिप्ट पायथन ३ मध्ये नव्याने लिहिल्या. ‘प्रिंट’च्या चुका लगेच दिसल्या, पण ७ भागिले २ आधी ३ येत होते, ते ३.५ येऊ लागल्याने शुल्काच्या तक्त्यात शिरलेला फरक दोन आठवड्यांनी हिशेब जुळवताना सापडला.

तो स्थानिक टार अजून तिथेच आहे. तो काढण्याआधी त्याने बांधलेला एखादा जुना बॅकअप डेबियनच्या टारने उघडून पाहायचा आहे.