मुका ठोकळा, बोलता डबा

जुने स्पीकर दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. माल घेऊन झाल्यावर रडत येणारी गिऱ्हाइकं रोजची. घेण्याआधी मला सोबत नेणारा हा पोरगा विरळाच. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघालेली, म्हणून आजी सामान मोकळं करत होत्या. मुलाने अमेरिकेहून आणलेला संच होता, बेसचा, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा, एक डबा आणि दोन मुठीएवढे ठोकळे. १९८७ साली बोस कंपनीने अ‍ॅकॉस्टिमास हा संच काढल्यावर या घाटाचे संच इतरांनीही केले; हा त्यांपैकीच एक.

“दादा, ११० व्होल्टचा असेल ना?” पोराची पहिली शंका. डब्याला प्लगच नव्हता. यात अ‍ॅम्प्लिफायर नसतोच. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर डब्यात जाते, डबा बेस स्वतःकडे ठेवतो आणि उरलेलं ठोकळ्यांकडे सोडतो.

सोबत नेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर तबला लावला. डग्गा खोलीभर घुमला, पण उजवीकडे शुकशुकाट.

“तो कधीचाच गेलाय, म्हणून तर बारा हजारांत देतेय,” आजी म्हणाल्या.

ठोकळ्याच्या टोकांना मीटर लावला तर ६.९ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण ६-७ दाखवते, म्हणजे ही ठणठणीत. मग डब्याची मागची पट्टी खोलली. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे बेस आणि उरलेला आवाज वेगळा करणाऱ्या, सर्किटवर दोन इवलेसे काचेचे बल्ब, त्यातल्या एकाची तार तुटलेली. आवाज बेफाम वाढला की हा बल्ब तापतो, त्याचा रोध वाढतो आणि जादा ताकद तो स्वतः गिळतो. कधीतरी कुणीतरी जोरात वाजवलं असणार. बल्ब गेला, ठोकळा वाचला.

पोरगा डोळ्यांनी खुणावत होता, बोलू नका म्हणून. असला व्यवहार मला जमत नाही. आजींना सांगून टाकलं, बल्ब किरकोळ पैशांत मिळेल.

खरी गोम वाजणाऱ्या डब्यात होती. त्याचे वूफर, म्हणजे बेस वाजवणारे स्पीकर, आत दडलेले, बाहेर दिसतं ते नुसतं भोक. उघड्या पट्टीतून हात घालून वूफरच्या कडेचा फोम चाचपला, तर तुकडाच हातात आला आणि बोट काळं, चिकट झालं. दमट हवेत हा फोम असाच सडतो. रबराची कड असती तर टिकली असती. आवाज चढवला तेव्हा डग्ग्याच्या मागे फडफड स्पष्ट ऐकू आली. दोन्ही वूफरचे फोम बदलायचे, त्यांचे हलणारे पडदे मधोमध बसवायचे, म्हणजे खर्च आलाच.

“मग आठ हजार द्या,” आजी म्हणाल्या, “आणि वायरचं ते भेंडोळंही न्या, पायात येतं.”

पोराने लगेच पैसे मोजले. डबा घरी सोफ्यामागे कोपऱ्यात ढकलायचा बेत त्याने जिन्यातच सांगितला. त्याला म्हटलं, तसं करू नकोस. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं उमगत नाही, पण हे चिमुकले ठोकळे तितके खाली उतरत नाहीत. डब्याला पार २०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत गावं लागतं, आणि तिथे कान त्याला बरोबर पकडतो. डबा दोन्ही ठोकळ्यांच्या मधेच ठेव.