आमची वाटचाल: चेकिंगच्या टेबलावरचा कॅमेरा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना वडिलांनी साध्या यंत्रमागांवर उभा केला. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे खराब माल बाहेर गेला की नाव एकट्या आमचं जात नाही. माग कसे वाढले ते सांगत बसत नाही; सांगायचंय ते चेकिंगबद्दल.

आमच्याकडे चेकिंग बायका करतात. टॉवेल उजेडात पसरायचा, हात फिरवायचा. लूप ओढला गेलाय, ताण्याची तार तुटलीय, काठाला तेलाचा डाग आहे, हे बोटांनाच आधी कळतं. एआयचा कॅमेरा तेच शिकतो, पण कुठल्या फोटोत कुठला दोष आहे ते त्याला आधी माणसानं दाखवावं लागतं. पुरवठादार म्हणाला, ते आमची माणसं करतील. मी नको म्हटलं. आमच्या चेकर बायकांनीच ते केलं, पाळीच्या वेळेत, पूर्ण पगारावर. बहुतेकजणी शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्वभागातल्या, म्हणून स्क्रीनवर मराठीबरोबर तेलुगूही घेतली.

गडद निळ्या मालात कॅमेरा साध्या सुरकुतीला दोष म्हणतो, हे एका अक्कांनी लगेच पकडलं. तेव्हापासून कॅमेरा फक्त खूण करतो. माल सेकंड, म्हणजे दुय्यम प्रतीचा, ठरवायचा तो अक्कांनी. आणि त्याच्या नोंदीवरून विणकराची मजुरी कापायची नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत तुटणारच, त्याचा दंड नगावर मजुरी घेणाऱ्यानं का भरायचा? उलट एकाच मागावर तोच दोष सारखा दिसला, की मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरला तो माग आधी बघता येतो.

चेहरा पाहून कामगार कंटाळलाय का ते सांगणारी यंत्रणाही एकजण दाखवून गेला. पाळीभर उभं राहणाऱ्या माणसानं चेहराही सांभाळायचा, हे मला पटणारच नाही. युरोपीय संघानं तर फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदीच घातली आहे.

चेकिंगला आता कमी हात लागतात, हे खरं. पण कुणालाही काढलं नाही. काहीजणी ऑर्डरप्रमाणे रंग आणि नमुने जुळवतात, काही कॅमेऱ्याच्या शंकेच्या फोटोंवर निर्णय देतात. या कामाचा पगार वाढवून दिलाय.

पुढे काठाची डिझाइनं एआयकडून काढून घ्यायचा विचार आहे. त्याआधी जॅकार्डवरच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, जुन्या कारागिरांबरोबर बसणार आहे. कुठल्या वेलीचे धागे लांब सुटे राहून धुण्यात ओढले जातात, हे त्यांना विचारल्याशिवाय सॉफ्टवेअरचे पैसे भरणार नाही.