कोवळ्या ज्वारीतलं विष

"ज्या ज्वारीची आपण भाकरी खातो, तीच खाऊन गाय मरते कशी?" सोलापूर भागात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरताना हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिकलेल्या दाण्यात ते विष जवळपास नसतंच. ते असतं कोवळ्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या शेंड्यात, आणि पानांत. त्याचं नाव धुरिन. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी ते ज्वारीतून वेगळं काढलं. अरबीत ज्वारीला धुर्रा म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

त्याची मांडणी मला आजही थक्क करते. पानाच्या वरच्या पापुद्र्यातल्या पेशींत धुरिन साठवलेलं असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) आतल्या हिरव्या पेशींत. पान धड आहे तोवर दोघांची गाठच पडत नाही. अळीने कुरतडलं किंवा गाईने चावलं, की पेशी फुटतात, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. जनावराला धाप लागते, अंग थरथरतं, ते आडवं पडतं. यावर इंजेक्शन आहे, पण हाताशी मिनिटंच असतात. कितीदा तरी मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

अशाच एका घरी गाय गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत गेले. रानातल्या खोडव्याचे, म्हणजे कापणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या ज्वारीचे, चार फुटवे तोडले, चिरून चेचले, काचेच्या नळीत घातले आणि वर पिक्रेटचा पिवळा कागद अडकवून बूच लावलं. बघता बघता कागदाला विटकरी रंग चढला, म्हणजे सायनाइड सुटलं होतं. घरातल्या आजी कितीतरी वेळ तो कागद न्याहाळत होत्या. "एवढुशा कोंबात?" एवढंच म्हणाल्या.

एवढुशा कोंबातच ते सर्वांत जास्त. नुकत्याच उगवलेल्या कोंबाच्या टोकाला वाळलेल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत धुरिन भरू शकतं. त्या वयात रोपाचं खोड टणक नसतं, मुळं खोल गेलेली नसतात. कुणी एकदा खुडलं की ते संपलंच. वाढ होत जाते तसं धुरिनचं प्रमाण उतरतं. पाण्याचा ताण बसला किंवा युरिया जास्त झाला तर मात्र ते पुन्हा चढतं. म्हणून खोडव्यात आणि खुरटलेल्या पिकात जनावर सोडू नका. हिरवा चारा निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापा. दाणा भरून वाळलेल्या कडब्याने असं जनावर गेलेलं मी पाहिलेलं नाही.

स्वतःला वाचवायला एवढं विष बाळगूनही ज्वारी सगळ्या किडींना रोखू शकत नाही. खोडमाशी नेमकी रोप लहान असतानाच अंडी घालते, तिची अळी थेट पोंग्यात शिरते आणि पोंगेमर होते, म्हणजे मधला पोंगा वाळून जातो.

अलीकडे शहरातूनही फोन येतात, मोड आलेली ज्वारी कच्ची खाल्ली तर चालेल का? कृपा करून खाऊ नका. ज्वारीचा मोड म्हणजे तोच कोंब, आजींनी पाहिला तो. मोड आणायला मटकी आहे, नाचणी आहे. ज्वारीची भाकरीच करा.