आधी रात्र बदलावी लागली

माझी आयुर्वेदिक दिनचर्या पहिल्यांदा मोडली ती अकराव्या दिवशी. २०२४ची दिवाळी होऊन गेली होती, इंदूरला थंडी पडायला लागली होती आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूच्या कंदाच्या कढया चढल्या होत्या. पुण्याहून नणंद आली होती. शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही सगळे सराफ्यात. गराडू, भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस आणि शेवटी जलेबा. घरी यायला एक वाजला. तरी मी पाचचा गजर लावूनच झोपले, कारण दहा दिवस नेम पाळला होता आणि तो मला मोडायचा नव्हता.

पाचला उठले तेव्हा डोकं जड होतं, तोंड आंबट. तरीही ठरलेलं सगळं केलं. तांब्याच्या भांड्यातलं पोटभर पाणी, तोंडात तिळाचं तेल, अंगाला तेल, बारा सूर्यनमस्कार, डोक्यावरून कढत पाण्याची आंघोळ. नऊच्या सुमाराला उलटी झाली. दिवसभर अंग मोडून आलं आणि सोमवारी कामावर जाता आलं नाही.

‘मला आयुर्वेद बाधला’ असं मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं. ते चूक होतं. का चूक होतं ते कळायला पुढे वैद्यबाईंकडे जावं लागलं, आणि तेवढं सांगावं म्हणून हे लिहिते आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी आज तेच करताहेत जे मी केलं.

मी ४७ वर्षांची. एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या एका घाऊक पेढीचे हिशेब लिहिते. दिवसभर बसून काम, घरी यायला नऊ, जेवायला साडेदहा, झोपायला बारा. आमच्या शहराची तऱ्हाच अशी. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं म्हणतात ते उगाच नाही. पण त्या रात्रींनी मला दिलं काय, तर आंबट ढेकर, तीन वाजता उघडणारे डोळे आणि सकाळी जमिनीवर पाय ठेवताना टाचेत उठणारी कळ. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होतीच.

नरक चतुर्दशीला सासूबाईंनी माझ्या पाठीला तेल लावून दिलं. उटणं, ऊन पाणी, बाहेर अजून अंधार. त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मनात आलं, हे वर्षातून एकदाच का? मग मोबाइलवर पाहून कागदावर अकरा गोष्टी उतरवल्या आणि भाऊबीज झाल्यावर सगळ्या एकदम सुरू केल्या.

आमच्या लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावरून आयुष्यभर ये-जा केली, आत कधी गेले नव्हते. मी ज्यांच्याकडे गेले त्या वैद्यबाई तिथेच शिकलेल्या, आता वयामुळे घरीच रुग्ण पाहतात. त्यांनी माझा अकरा गोष्टींचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “ताई, त्या दिवशी उठल्यावर रात्रीचं पचलं होतं का, ते पाहिलं होतंत?”

मला प्रश्नच कळला नाही. पचलंय का ते कसं पाहायचं?

त्यांनी समजावलं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथात दिनचर्येचा अध्याय ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून सुरू होतो, पण तिथे उठणारा माणूस ‘स्वस्थ’ आहे, म्हणजे आधीच निरोगी आहे. अष्टांगसंग्रह या दुसऱ्या ग्रंथात त्याच वाक्यात आणखी दोन शब्द येतात, ‘जीर्णाजीर्णं निरूपयन्’. खाल्लेलं जिरलं की नाही याचा अंदाज घेत उठावं. अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, रोज करावा असं सांगणारा वाग्भट लगेच पुढे हेही सांगतो की अजीर्ण असलेल्याने, कफाने त्रासलेल्याने आणि नुकतंच शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी शुद्धी, झालेल्याने तो करू नये. मी अजीर्णावर तेल चोळलं होतं, वर सूर्यनमस्कार घातले होते.

“जिरलं असलं की ढेकर स्वच्छ येते, पोट आपोआप साफ होतं, अंग हलकं लागतं, उठावंसं वाटतं, भूक आणि तहान लागते,” त्या म्हणाल्या. “पुढचे पंधरा दिवस सकाळी फक्त एवढंच पाहा आणि आरशात जीभ पाहा. बाकी काही करू नका. आणि रात्रीचं जेवण आठच्या आत.”

सकाळची दिनचर्या मागायला गेले होते आणि हातात रात्रीचं वेळापत्रक घेऊन आले. खरं सांगते, तेव्हा मी हिरमुसले होते.

आठच्या आत जेवणं ही या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट होती, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. पेढी साडेआठला बंद होते. घरी आल्यावर जेवायचं म्हटलं तर आठ जमणार कसे? आधी मी नुसतं दूध पिऊन झोपून पाहिलं. दुसऱ्याच रात्री बाराला उठून चिवडा खाल्ला. वाट निघाली ती पेढीवरच. आमचे मुनीमजी जैन, चौविहार पाळणारे. सूर्यास्ताच्या आत जेवून घेतात, मग पाणीही नाही. रोज संध्याकाळी गादीच्या मागच्या खोलीत त्यांचा डबा उघडतो, हे मी पंधरा वर्षं पाहत आले आहे. मी अडचण सांगितली तर म्हणाले, “बहनजी, आप भी डब्बा यहीं ले आया करो, दस मिनट का काम है।” तेव्हापासून माझा दुसरा डबा सुरू झाला. मुगाची खिचडी आणि तूप, किंवा ज्वारीची भाकरी आणि दोडका. साडेसहा-पावणेसातला जेवण आटोपतं.

घरी यावरून रुसवे झाले. “मग रात्री आम्ही एकट्यानेच जेवायचं का?” हे म्हणाले, आणि त्यांचं दुखणं मला समजत होतं, दिवसातून तेवढंच एक जेवण आम्ही सगळे एकत्र घेत होतो. आता ते जेवतात तेव्हा मी ताटापाशी बसते, वाढते, बोलते. सासूबाई मात्र माझ्या बाजूने होत्या. त्यांच्या माहेरी, उज्जैनला, दिवेलागणीनंतर चूल पेटत नसे.

पंधरा दिवसांपैकी पहिले नऊ दिवस माझ्या जिभेवर पांढरा थर होता. दहाव्या दिवशी कडा गुलाबी दिसल्या. गजर न लावता मला साडेपाचला जाग आली आणि भूक लागली होती. सकाळी उठल्या उठल्या भूक लागणं मी विसरूनच गेले होते.

त्यानंतर एकेक गोष्ट परत आली. गजर आधी. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं राहतो. इंदूरला जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये पावणेसहाच्या आत. म्हणजे थंडीत साडेपाच ही अगदी योग्य वेळ, आणि मी मात्र बाराही महिने पाचलाच उठायचं असं धरून बसले होते. जूनमधला चारचा मुहूर्त मी गाठत नाही. झोप पुरी व्हायला हवी, ती रात्री साडेदहाला लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाचला उठते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही.

उठल्यावर थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. ती बंद करायची नाही, हे वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पाणी तहानेपुरतं, फुलपात्रभर. गरम पाण्यात मध मी सोडून दिला. मध गरम करू नये असं आयुर्वेदच सांगतो. दातांसाठी कडुनिंबाची काडी आणली होती, हिरड्यांतून रक्त आलं, मऊ ब्रशवर परत आले. जीभ तांब्याच्या पट्टीने, हलक्या हाताने. मग तोंडात चमचाभर कोमट तिळाचं तेल. तोंड पूर्ण भरून नुसतं धरलं तर गंडूष, खळखळवता येईल इतकं घेतलं तर कवल. मी कवल करते. तेल मोरीत थुंकायचं नाही, नळी तुंबते. कागदावर थुंकून तो सकाळच्या कचरागाडीत.

अभ्यंगाला वेळ लागतो आणि लागू द्यावा. लोखंडी पळीत चार चमचे तेल, गॅसवर नव्हे, गरम पाण्याच्या वाटीत पळी ठेवून. डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष जपून लावावं असं वाग्भट सांगतो. ज्या दिवशी पूर्ण अंगाला वेळ नसेल त्या दिवशी मी या तीन जागाच करते, कानाला बाहेरूनच. हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल. हिवाळ्यात दिवसाआड, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि तेव्हा खोबरेल.

एकदा तेलाच्या पायांनी न्हाणीघरात घसरले, कोपर सुजलं. तेव्हापासून गोणपाट अंथरते आणि तळपाय सर्वांत शेवटी, स्टुलावर बसून. तेलाचा जुना पंचा वेगळा. तो सोड्याच्या गरम पाण्यात भिजवला नाही तर खवट वास मारतो. साबणाऐवजी मसुराचं पीठ. आणि कढत पाणी मानेखालीच. डोक्यावर गरम पाणी घेतल्याने केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं असं ग्रंथात लिहिलं आहे. मी रोज कढत पाण्याने न्हात होते, त्या महिन्यात कंगव्यात मूठभर केस येत होते. कोमट पाणी सुरू केल्यावर ते थांबलं.

सूर्यनमस्कार आता सहाच. व्यायाम अर्ध्या शक्तीने करायचा. कपाळावर आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. नाकात रोज दोन थेंब अणुतेल, हे नाकात घालायचं औषधी तेल, घालते, पण सर्दी असली तर नाही.

यात नर्मदाही येते. जलूदहून उचललेलं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड सकाळी येतं. नळाच्या दिवशी पावणेसहा ते साडेसहा हंडे, टाकी, मोटार. त्या दिवशी अभ्यंग त्या तीन जागांपुरता. नळाचा दिवस आणि तेलाचा दिवस असं आलटून पालटून बसवल्यापासूनच माझी घडी टिकली.

टाचेची कळ गेली, पूर्ण नाही, पण पलंगाला धरून उठावं लागत नाही. आंबट ढेकर महिन्यातून एखाद-दोनदा. तीनला जाग अजूनही कधीकधी येते.

सराफा सुटलेला नाही, आणि मला तो सोडायचाही नाही. पाहुणे आले की शनिवारी जातो. मग रविवारी उठून आधी जीभ पाहते. थर असला तर तेलाची वाटी काढतच नाही. सुंठ घालून उकळलेलं पाणी घोट घोट, थोडं चालणं, आणि भूक लागेपर्यंत काही नाही. हे छप्पन दुकानवरून पोहे-जिलबी आणतात, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास घरभर पसरतो, मी शेजारी बसते. भूक लागते ती साडेअकराला. तेव्हा मऊ भात आणि मेतकूट.

रात्री साडेनऊला सासूबाई काशाची वाटी काढतात. त्या माझ्या तळपायांना लावतात, मग मी त्यांच्या. वाटी काळी होते ती अंगातली उष्णता ओढून घेते म्हणून, असं त्या सांगतात. काशातल्या तांब्याचा तेलाशी आणि घामाशी संबंध आला की ते काळं पडतं, असं मुलगा सांगतो. झोप मात्र दोघींना लागते. काल वाटी पुसता पुसता त्यांनी विचारलं, “उद्या नळ आहे का गं?” मी नाही म्हटलं, आणि उठून तेलाची बाटली न्हाणीघरात नेऊन ठेवली.