माळरानावरचे नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या मुरमाड माळावर बेडकांचे नमुने गोळा करायचे, तर मृगाच्या पहिल्या दमदार पावसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. वर्षाचे कोरडे महिने जमिनीत गाडून घेऊन काढणारे बेडूक त्याच रात्री डबक्यांकडे निघतात. असा एखादा हातात घेऊन त्याचा मागचा पाय उलटा केला, की फावड्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा दिसतो. त्याने माती उकरत बेडूक पाठमोरा खाली उतरतो, त्यामुळे जमिनीत नाहीसा होतानाही त्याचे तोंड आपल्याकडेच असते.

सापांसाठी दगड उलटावे लागतात. दगडाची पलीकडची कड आकड्याने उचलून आपल्याकडे कलती करावी, म्हणजे खाली फुरसे असलेच तर त्याच्या आणि आपल्या मध्ये दगडाची आड राहते. पाहून झाल्यावर तो होता तसाच ठेवावा, कारण उन्हाळ्यात ओलावा टिकतो तो त्याच्याखालीच. रात्री बॅटरी घेऊन फिरताना ‘मांडूळ घावलं का, साहेब?’ हा प्रश्न हमखास येतो. मांडुळाच्या चोरट्या व्यापाराने माणसांच्या मनात इतका संशय पेरला आहे, की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील परवानगीचा कागद खिशात असला, तरी आधी गावात सांगून ठेवलेले बरे.

मोजकेच प्राणी घ्यावेत, हे माझे ठाम मत आहे. पण जो घेतला, त्याच्या ऊतीचा तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा. शरीर कुजू न देणाऱ्या फॉर्मॅलिन या रसायनामुळे डीएनए खराब होतो. त्यानंतर शरीर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्के करून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवावे. रंग पुढे उडतात, म्हणून जिवंतपणीच छायाचित्र काढावे. चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहावी, कारण साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. नुसते ‘बीड जिल्हा’ लिहिणे जवळजवळ निरुपयोगी, कारण गोदाकाठची काळी आणि डोंगरावरचा मुरूम ही दोन वेगळी घरे आहेत. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, वेळ, गोळा करणाऱ्याचे नाव आणि प्राणी नेमका कशाखाली होता, हे सारे चिठ्ठीवर किंवा तिच्या क्रमांकाने जोडलेल्या वहीत असावे.

शेवटी नमुना नोंदणी होणाऱ्या संग्रहातच जमा करावा. महाविद्यालयाच्या कपाटातल्या बरणीचे अल्कोहोल दोन-चार उन्हाळ्यांत उडून जाते, आणि ते पुन्हा भरणारे शिक्षक तोवर निवृत्त झालेले असतात.