गुरुवारच्या बाकावर बोललेलं एक वाक्य

गुरुवार म्हणजे लसीकरण. आमचं आरोग्य केंद्र कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात. त्या दिवशी व्हरांड्यातल्या तीन बाकांवर आया, बाळं आणि सोबत आलेल्या सासवा दाटीवाटीनं बसतात. हातातल्या तायी कार्डावरचा, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या कार्डावरचा, मजकूर कन्नडात आणि आया मराठी, म्हणून पुढची तारीख तोंडी सांगून दोनदा वदवून घ्यावी लागते. मूल लांबवण्यासाठी गोळी, इंजेक्शन किंवा तांबी (गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी) घ्यायला आलेल्या बायकाही त्याच बाकांवर बसतात, कारण बसायला दुसरी जागाच नाही. ही व्यवस्था चुकीची आहे हे मी बैठकीत दोनदा मांडलंय. दोन्ही वेळा ‘बघू’ एवढंच उत्तर मिळालं.

त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांची एक बाई आली. लग्नाला चार वर्षं, मूल नाही, नोकरी बेळगावात उद्यमबागेत. तिच्या शेजारी दीड महिन्याच्या बाळाची आई होती. कार्ड पिशवीत तळाला गेलेलं, म्हणून तिनं बाळ हिच्या मांडीवर ठेवलं, “धर गं जरा याला.” हिनं मानेखाली नीट हात घालून ते उचललं आणि परत दिलं. “दुसऱ्या कुणाकडं द्या. मला पोरं आवडत नाहीत.”

आवाजात राग नव्हता. पण बाक एकदम गप्प झाला. एकीनं आपल्या बाळाचं टोपरं कपाळापर्यंत खाली ओढलं. दुसरी उठून पलीकडं जाऊन बसली. एक म्हातारी म्हणाली, “असं कुणी तोंडानं बोलतंय काय? यल्लम्माच्या डोंगराला नेऊन आणा हिला.” आशा सेविका धावत आत आली, “सिस्टर, त्या बाईचं काहीतरी बिनसलंय.”

त्याच रांगेत थोड्या वेळापूर्वी एका आईनं रडणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला थोबाडीत दिली होती. कुणी मान वळवली नाही. दारातला एक बाप, “पोरांची कटकट नको बाबा,” म्हणत चहाला निघून गेला, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. जिनं बाळाला धक्काही लागू दिला नाही, तिच्यापासून मात्र बाळं लपवली गेली.

तिला आत घेतलं. तिला मूल न होण्याची कायमची शस्त्रक्रियाच हवी होती. सरकारी निकषात ते बसत नाही. वय २२ ते ४९, लग्न झालेलं आणि निदान एक मूल, तेही वर्षापेक्षा मोठं. वैद्यकीय कारण असेल तरच सूट. नवऱ्याची सही लागत नाही. हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही मागतात.

डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, “मक्कळु एष्टु?” म्हणजे मुलं किती. ती म्हणाली, “इल्ल, नाहीत. नकोतच.” त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मानसिक तपासणीसाठी तालुक्याला पाठवायचं म्हणून चिठ्ठीसाठी पेन उघडलं. मी थांबवलं. ‘पोर नको वाटतं’ हे वाक्य कधी लक्षण असतं ते आम्हाला शिकवलेलं आहे. नुकती बाळंत झालेली बाई, आधी तसं नसताना, दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास राहते, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, जेवण तुटतं, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतात, तेव्हा एक तासही वाया घालवायचा नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी अशा घरच्यांना कार्डाच्या मागं लिहून देते. या बाईची झोप नीट, भूक नीट, नोकरी नीट, नवरा-बायकोचं एकमत. मत वर्षानुवर्षं तेच. यात आजार कुठला? आणि वाईट हे, की ज्या बाळंतिणीला खरंच तपासायला हवं, ती हा बाक बघूनच तोंड मिटून घेते.

शस्त्रक्रिया होत नाही, म्हणून तांबीचं ठरलं. त्यावर आमच्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, “आधी एक होऊ दे. मूल न झालेल्या पिशवीत तांबी बसवत नाहीत.” हा समज इथं घट्ट बसलाय आणि तो चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रतेच्या यादीत मूल न झालेली स्त्री दुसऱ्या गटात येते, म्हणजे फायदा धोक्याहून जास्त. बसवताना दुखणं आणि तांबी निसटणं थोडं जास्त, एवढंच. त्यासाठी हात सावध हवा.

तो कसा, ते लिहिते. ३८० ए ही इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची तांबी दहा वर्षं चालते. पाळीचा सहावा दिवस होता, म्हणजे गर्भ नसल्याची खात्री. आधी लघवी करून यायला सांगितलं. अंगावरून घाण वास येणारं पाणी नाही, ओटीपोट दाबल्यावर कळ नाही. बोटांनी तपासून पिशवी पुढं झुकलेली की मागं ते ठरवलं. हे चुकलं की सळई भिंतीत घुसते. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसायला लावायचा चिमटा, लावून पिशवीचं तोंड दोनदा पुसलं. पिशवीचं तोंड धरायच्या व्हल्सेलमची पकड एकेक खाच हळू बंद केली, कारण मूल न झालेल्या बाईला इथंच चक्कर येते. मग साउंड, म्हणजे पिशवीची खोली मोजायची सळई, घातली. साडेसहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आलं तर तांबी बसवायची नाही. सात आलं.

तांबी बसवायच्या नळीवरची निळी कडी सातवर सरकवली. तांबीचे हात पाकिटातच, न शिवता नळीत दुमडले. हे आधी करून ठेवायचं नाही. पाच मिनिटांच्या वर दुमडलेले राहिले तर ते आत गेल्यावर नीट उघडत नाहीत. आणि सगळ्यात मोठी चूक होते ती पुढच्या क्षणी. नळीतली पांढरी काडी हलवायची नाही, नळी मागं ओढायची. घाईत काडी पुढं ढकलणारे पिशवीला भोक पाडतात. नळी मागं घेतली, हात उघडले, मग नळी हळूच वर टेकवून तांबी टोकाला लागल्याचं बघितलं. आधी काडी काढली, मग नळी, आणि दोरा तीन सेंटिमीटर ठेवून कापला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पंधरा मिनिटं पडून राहिली, नाडी परत जागेवर आली.

हे सगळं व्यवस्थित झालं. न झालेली गोष्ट त्यानंतरची.

रजिस्टरात लाभार्थीची हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती असे रकाने आहेत. मग कारण, अंतर ठेवण्यासाठी की आता मुलं पुरे म्हणून. शून्य मुलं आणि ‘पुरे’ हे एकत्र लिहिलं की वरून विचारणा येते, मग कुणीतरी घरी चौकशीला जातं आणि गावभर होतं. म्हणून मी तिला म्हटलं, “बाहेर कुणी विचारलं तर सांग, दोन वर्षं थांबायचंय. मी पण तसंच लिहिते.”

ती म्हणाली, “सिस्टर, मी खोटं कशाला बोलू? मी कुणाचं काय घेतलंय?”

मी तरीही ‘अंतर’ लिहिलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. घर बांधायचंय, कर्ज फेडायचंय, नोकरी कायम व्हायचीय, यातलं काहीही सांगा, आम्ही मान डोलावतो. ‘आवडत नाहीत’ हे एकच कारण आम्हाला ऐकवत नाही, आणि ते नवऱ्यानं सांगितलं असतं तर निदान चिठ्ठी तरी निघाली नसती. जुन्या सिस्टर याला शहरातलं नवं खूळ म्हणतात. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्या नवरा-बायकोनं स्वतःला मूल न होऊ देण्याचं ठरवून ते पाळलं. पलीकडं म्हैसूर संस्थानानं १९३० मध्ये सरकारी दवाखान्यांत अशी केंद्रं उघडली. १९५६ नंतर आम्ही त्याच म्हैसूर राज्यात आलो. सर्वोच्च न्यायालयानंही २००९ मध्ये मूल जन्माला घालण्याच्या निवडीत न घालण्याची निवडही धरली आहे. एवढं सगळं मागं असताना माझ्या रजिस्टरात खरं कारण लिहायला रकाना नाही, आणि तो नाही म्हणून मी एका खरं बोलणाऱ्या बाईला खोटं शिकवलं.

पुढच्या पाळीनंतर ती तपासणीला आली. पहिल्या तीन महिन्यांतच तांबी निसटण्याची भीती जास्त, म्हणून ही फेरी चुकवायची नसते. ती गुरुवार टाळून शुक्रवारी, चारनंतर आली, बाक रिकामा असताना. दोरा जागेवर होता. रक्तस्राव थोडा जास्त, पण काळजी करण्यासारखा नव्हे. लोहाच्या गोळ्या दिल्या.

कार्डावर तांबी काढायचं वर्ष लिहीत होते. तिनं विचारलं, “दहा वर्षांनी हीच काढून दुसरी बसवून मिळेल काय?”

“मिळेल. नियमानं मिळतेच.”

“तेव्हा तुम्ही असाल?”

मी चार वर्षांत निवृत्त होते. तसं सांगितलं. तिनं कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवलं.